वनमालाताईच्या वजनाची स्प्रिंग

माझ्या नणंदेले 'बिचारी' म्हणणाऱ्या माणसाले मी घरात चहा देत नाही. आधीच सांगून ठेवते. वनमालाताईचा उजवा पाय लहानपणी पोलिओनं गेला, हे खरं. पण त्याच पायात लोखंडी कॅलिपर चढवून ती एकवीस वर्षांपासून आमच्या बूढापारा मोहल्ल्यातून शहराच्या टोकावरच्या भनपुरीले जाते, तिथं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पार्सल बुक करते अन् संध्याकाळी घरी येऊन माझ्या भाजीले नावं ठेवते. बिचारी कशाची?

ती जाते स्कूटरवर. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूले एकेक जास्तीचं चाक लावलेली असते ना, तशी. भनपुरीकडचा रस्ता ट्रकांनी पार खाऊन टाकला आहे. तिथं डावीकडच्या त्या चाकाची स्प्रिंग दोन महिन्यांत दोनदा तुटली. पहिली गाडीसोबत आलेली होती, दुसरी साहू मिस्त्रीनं बाजारातून आणून घातलेली, म्हणे मजबूत. दुसरी तुटली तेव्हा मागून ट्रक येत होता. ताई थोडक्यात वाचली, कोपर तेवढं सोललं.

मग माझा नवरा यशदीप मोठा झाला. ताईपेक्षा सहा वर्षांनी लहान, पण त्या दिवशी मोठा झाला. म्हणे, "ताई, आता बस झालं. आणखी एकदा तुटली तर गाडी विकून टाकू. नोकरी सोड, घरी बस. आम्ही आहोत ना."

"घरी बसायले गाडी लागत नाही, माहीत आहे मले," ताई म्हणाली. "मले कामावर जायचं आहे."

मी कुकरच्या शिट्ट्या मोजून राहिली होती, त्या विसरली. गाडी गेली की ताईची नोकरी गेली, हे आम्हां तिघांलेही ठाऊक होतं. कुबड्या पाहून ऑटोवाले थांबत नाहीत. अन् "मी नेऊन सोडत जाईन" म्हणणारा यशदीप चार दिवस सोडेल, पाचव्या दिवशी त्याचं डोकं दुखेल. अकरा वर्षं झाली लग्नाले, ओळखते मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं साहूच्या दुकानात. साहूनं तीन जातींच्या स्प्रिंगा समोर मांडल्या. ताई समोर बसलेली, पण हा बाबा यशदीपच्या कानाजवळ जाऊन हळूच विचारतो, "भैया, दीदी का वजन कितना होगा?" यशदीपनं इकडे तिकडे पाहिलं अन् म्हणाला, "पचपन समझ लो."

ताईचे कान काही पोलिओनं गेले नाहीत. "मागच्या वेळीही पचपनच सांगितलं होतंस?"

"मग? परक्या माणसासमोर बाईचं वजन काहून सांगायचं? बरं दिसते काय?"

बरं दिसत नाही म्हणे. बहीण ट्रकसमोर पडलेली बरी दिसली असती. मी तोंड उघडणार तर हा साहूले म्हणतो, "ठीक आहे, सबसे कड़ी वाली डाल दो, झंझट खतम." साहूनं नाही म्हणून मान हलवली. म्हणाला, गरजेपेक्षा कडक घातली तर चाक खड्ड्यात उसळेल अन् दीदीची कंबर मोडेल. जेवढं वजन तेवढीच स्प्रिंग.

ताई उठली. "चला भनपुरीले. साहू भैया, सगळा माल सोबत घ्या."

स्कूटर छोटा हाथी म्हणतात त्या टेम्पोत चढवून आम्ही तिच्या ऑफिसात गेलो. तिथं जमिनीलगत पार्सल तोलायचा मोठा काटा आहे. ताईचा नियम तिथले सगळे व्यापारी ओळखतात: सांगितलेलं वजन लिहायचं नाही, काट्यावरचं लिहायचं. लोक कमीच सांगतात.

दहा-बारा हमाल बिड्या ओढत बसले होते. त्यांच्यादेखत ताई कुबड्यांसकट काट्यावर चढली अन् तिनं मोठ्यानं वाचलं, "एक्याऐंशी. यशदीप, लिही." त्यानं मान खाली घालून लिहिलं. लाज त्याले, वजन हिचं. हमालांपैकी एकजणही हसला नाही. ते बिचारे दिवसभर वजनंच पाहतात.

मग बाकी चाकांखाली फळ्या ठेवून गाडी समपातळीत केली. ताई डबा-बॅग घेऊन सीटवर बसली, अन् एकेक बाजूचं चाक काट्यावर घेतलं. डावीकडे चौऱ्याहत्तर आलं, उजवीकडे सेहेचाळीस. साहू डोकं खाजवत राहिला. उजव्या पायाचा आधार नाही म्हणून ताई डावीकडे भार टाकून बसते. अन् हा दोन्हीकडे सारखीच स्प्रिंग घालत होता.

"हव दीदी, गलती मोर आय," म्हणत त्यानं आपली चूक कबूल केली. तिथंच खाली बसून त्यानं डावीकडे जाड तारेची स्प्रिंग घातली, उजवीकडे त्याहून नरम. तासभर लागला.

काम झाल्यावर किल्ली मात्र त्यानं सवयीनं यशदीपच्याच हातात दिली. "भैया, चला के देख लो." अन् हा शहाणा बसलाही. आवारात पंधरा पावलं गेला, गाडी उजवीकडे कलली, त्यानं कसाबसा ब्रेक मारला. चेहऱ्यावर मी-म्हटलं-नव्हतं-काय लिहिलेलं. "पाहिलं ताई? वाकडी चालते. ही गाडी बरोबर झालीच नाही."

"उतर," ताई म्हणाली. "तुझ्यासाठी नाही झाली."

तो उतरला. ताईनं कुबड्या मागे अडकवल्या, हातानं उजवा पाय उचलून जागेवर ठेवला अन् बसली. गाडी सरळ झाली. फाटकाबाहेरच्या सगळ्यात खराब रस्त्यावर तिनं एक फेरी मारली, परत आली अन् किल्ली पर्समध्ये टाकली. काउंटरवर पहिला व्यापारी येऊन उभा होता.