मिरची न लागलेला हात

वडील गेल्यावर आई आणि मी नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, पथारीवर, तिचे देठ खुडायला जायचो. आमच्या ओळीत एक मावशी होत्या. सगळ्या बाया दोन्ही हातांनी खुडायच्या, त्या मात्र फक्त उजव्याने. त्यामुळे त्यांची टोपली सगळ्यात उशिरा भरायची.

"डावा हात काय देवले राखा शे का?" बाया चिडवायच्या.

"नही माय, पोरेसना डोयासले." पोरांच्या डोळ्यांसाठी, म्हणे.

जेवण झालं की त्या भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून बसत. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "आज कोनवर तोंड टाकं, ते याद करस." दिवसभरात कोणाला टाकून बोलल्या, ते त्या आठवत बसत.

बारावीच्या पेपरच्या दिवशीही मी सकाळी खुडायला गेले आणि विसरून डोळे चोळले. आई धावली, हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. तिची बोटं मिरचीने लाल होती. मावशींनी डाव्या हाताने माझे डोळे धुतले, नीट दिसायला लागेपर्यंत पुन्हा पुन्हा धुतले.

पेपर वेळेवर दिला. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. हंगामात रविवारी आईबरोबर अजून पथारीवर जाते. त्या ओळीत आता दोन डावे हात कोरे असतात, मावशींचा आणि माझा.