गुळण्यांचं औषध आणि काकूंचं मीठ

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काकूंच्या स्वयंपाकात चूक काढायची कुणाची टाप नव्हती. बाई चणीने बुटक्या, पण आवाज पार यंत्रांपर्यंत पोचणारा. त्यामुळे डाळ खारट झाली म्हणून ताटं परत आली, तेव्हा काकूंनी चमचाभर चाखली आणि ताटं आणणाऱ्यालाच झापलं, की मीठ उलट कमीच आहे.

दुसऱ्या दिवशीही तेच. मॅनेजरला आयतंच कारण सापडलं. साठीला टेकलेली ही तोंडाळ बाई त्याच्या डोळ्यांत कधीपासून सलत होती. तुमच्या जिभेचं वय झालं, उद्यापासून भाज्या चिरायला बसा, असं त्याने सगळ्यांदेखत सुनावलं. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी जाताना रागाची जागा भीतीने घेतली. नवरा गेल्यावर याच शेगडीवर त्यांनी मुलीला वाढवलं होतं. शेगडीच हातची गेली तर आपण कोण, हेच त्यांना कळेना.

मुलीला मात्र गुळण्यांच्या औषधाचा संशय आला. हिरड्या सुजल्या म्हणून काकू ते हल्ली रोज घेत होत्या. ती त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी तर सगळं थुंकून टाकते, काकू फणकारल्या. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की रक्तात जवळजवळ काही जात नाही. पण हे औषध दातांना, जिभेला, तोंडाच्या आतल्या कातडीला चिकटून बसतं आणि तासन्‌तास थोडंथोडं सुटत राहतं. जंतू मरतात ते त्यामुळेच. काहींची खारट चव तेवढी मंदावते, औषध थांबलं की परत येते. मात्र हिरड्या बऱ्या होईपर्यंत सोडू नका.

काकूंनी औषध सोडलं नाही आणि शेगडीही नाही. चाखूनचाखून वरून मीठ टाकणं तेवढं बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डाळीत नेहमीच्या अंदाजाने मुठीने मीठ घातलं आणि झाकण ठेवलं. मॅनेजर चमचा घेऊन आला. माझ्यासमोर चाखा, म्हणाला.

"नाही चाखणार. माझी जीभ आजारी रजेवर आहे, मी नाही. तुम्ही चाखा, आणि खारट असेल तर सांगा सगळ्यांदेखत, काल सांगितलंत तसं."

सगळी रांग बघत होती. मॅनेजरने चाखलं. पुन्हा एकदा चाखलं. मग ताट उचलून वाढून घ्यायला पुढे झाला.

"रांगेत या," काकू म्हणाल्या.

तो मागे जाऊन उभा राहिला, आणि त्याचा नंबर आल्यावरच काकूंनी त्याला वाढलं.