दहा लाख एकचा माफीनामा

आज प्रार्थनेत मन लागेना, म्हणून आधी वही उघडली. राग देवापुढे नेण्यापेक्षा कागदावर बरा.

माझे धाकटे दीर एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासतात. लग्न केलं नाही. मागच्या खोलीत पलंग, टेबल आणि लाल पेन्सिली. औषधाच्या डबीतला कागदसुद्धा दुरुस्त करून ठेवतात. समोरून गाडी गेली की तिच्या नंबराला कशाने भाग जातो ते बघतात. "याला कोण मुलगी देणार होतं!" असं आमचे हे म्हणतात.

गेल्या महिन्यात शाळेचं गणिताचं पुस्तक तपासायला आलं. त्यात होतं: सर्वांत लहान सात अंकी मूळ संख्या १०,००,००१. म्हणजे तिला फक्त एकाने आणि त्याच संख्येने भाग जायला हवा. भाऊजींनी पाहिलं, तर एकशे एकने जातोय! पुढची संख्या सम. मग दहा लाख तीन घेतली. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी एकेक करून भागली, तीन संध्याकाळी, जेवण गार करून. त्यापुढे बघायला नको म्हणे, मोठा भाजक असता तर त्याचा जोडीदार हजाराच्या आतच सापडला असता. एकानेही भाग गेला नाही. "वहिनी, ही अस्सल!" म्हणाले, जणू स्थळच पसंत पडलं.

चूक त्यांचीही झाली. लेखकाची सही झालेल्या प्रुफावर शंका आली, तर समासात प्रश्नचिन्ह करायचं, असा नियम. भाऊजींनी सरळ एकचा तीन केला. लेखक मोठे प्राध्यापक, ते भडकले. पुन्हा एक करून घेतला आणि पुस्तक तसंच छापलं.

आज दुपारी मॅनेजर माफीनामा टाइप करूनच घरी आला. दोनच वाक्यं: मी न विचारता बदल केला. लेखकाचा आकडा बरोबर होता.

"पहिलं कबूल," भाऊजी म्हणाले. "दुसरं खोटं आहे."

"अहो, सही करा नि मोकळे व्हा. एका आकड्याने कुणाचं काय बिघडतं?"

मला राहवलं नाही. "साहेब, नऊ हजार नऊशे एकची शंभरपट किती?"

"नऊ लाख नव्वद हजार शंभर."

"त्यात आणखी एकदा नऊ हजार नऊशे एक घाला. झाली ना एकशे एकपट? आता सांगा, किती आले?"

त्याने ओठांतल्या ओठांत बेरीज केली आणि कागद पुढे सरकवला. "ताई, माझं काम सही घेणं."

भाऊजींनी लाल पेन्सिलीने दुसरं वाक्य खोडलं, समासात काढल्याची खूण केली आणि पहिल्याखाली सही केली.

"मग उद्यापासून येऊ नका," म्हणत मॅनेजर चहा तसाच टाकून गेला.

"एकतीसही मूळ संख्याच, वहिनी," भाऊजी हसून म्हणाले. मला नाही हसू आलं. हजारो मुलं आता खोटा आकडा पाठ करणार, आणि जो खरा लिहील त्याचे गुण कापणार!

देवा, खोटं बोलू नये हे तूच शिकवलंस. मग या लोकांना क्षमा कर, असं आज माझ्याकडून म्हणवणार नाही. प्राध्यापकांना पत्र लिहिलंय. वर तोच गुणाकार, खाली माझी सही. सकाळी टपालात टाकते.