गरम हवा फक्त टोलनाक्यावर

२७ डिसेंबर, शनिवार, पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटं. नल्लकुंट्यातल्या आमच्या गल्लीत गाडी चालू ठेवून मी हीटरच्या जाळीपुढे तळहात धरून बसलो होतो. सातव्या मिनिटाला हवा कोमट झाली, दहाव्या मिनिटाला चांगली गरम. वहीत लिहिलं, ‘उभी गाडी, गरम’. मग वर जाऊन बाबांना घेऊन आलो.

हैदराबादेत राहणाऱ्या माणसाला हीटरचं एवढं काय, ते आधी सांगतो. बाबांना दमा आहे. गार वारा छातीत गेला की श्वास अडकतो. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, आदिलाबादच्या पुढे एका खेड्यात राहते. दिवाळीनंतर ती अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर आहे. आजी लवकर गेल्यामुळे बाबांना तिनेच वाढवलं. काचीगुडा स्टेशन आम्हाला जवळ, पण रेल्वेच्या डब्यात वारा लागतो आणि पुढे रिक्षात तासभर बसावं लागतं. डॉक्टर म्हणाले, थंडी सरू द्या. आत्या फोनवर म्हणाली, “बाळू, थंडी सरेपर्यंत मी राहते का ते कुणी सांगावं?” बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा मी म्हणालो, “गाडीत हीटर आहे. काचा बंद करू, आत गरम राहील. मी नेतो.” त्या माझ्या बोलण्यावर ते निघाले होते.

आणि तो हीटर कधी चालायचा, कधी नाही. त्यासाठी मी डिसेंबरात तीन वेळा विद्यानगरला जब्बारभाईंच्या गॅरेजात गेलो होतो. पहिल्या वेळी ते म्हणाले, “क्या मियाँ, हैदराबाद में हीटर? सालन गरम करना क्या?” तिन्ही वेळा त्यांनी गाडी जागेवर उभी करून हीटर लावला आणि तिन्ही वेळा तो गरम लागला. बिल झालं साडेसातशे. मी पाचशे दिले, अडीचशे मागे ठेवले. म्हटलं, रस्त्यात चालला तर देईन.

निघताना डिकीत काय होतं तेही सांगतो, तुमच्याबरोबर असं कुणी असेल तर उपयोगी पडेल. दोन ब्लँकेटं, थर्मास, वाफेचं यंत्र, पाण्याचे दोन कॅन, आणि माझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. गाडीचा कुठलाही भाग काढला की मी तो मेकॅनिककडून परत मागून घेतो, नाहीतर खरंच बदलला की नुसतं बिल लावलं ते कळत नाही. प्रत्येक भागाला चिठ्ठी लावून तो या डब्यात ठेवतो. बाबांचा दम्याचा पंप मात्र पुढेच, गिअरजवळ. त्याच्या मागे उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दिसतो. निघताना तो ८४ होता.

मेडचल ओलांडून मोठा रस्ता लागला, गाडी ऐंशीवर गेली, आणि पाच मिनिटांत जाळीतून गार हवा यायला लागली. मी हीटर बंद केला, चालू केला, पंखा कमी-जास्त केला. काही नाही. टोलनाक्यावर रांगेत उभे राहिलो तर पुन्हा गरम. फास्टॅग वाजला, फाटक उघडलं, गाडी पळाली, पुन्हा गार.

“तुझा हीटर कामचुकार आहे रे विनू,” बाबा म्हणाले. “लोक बघत असले की कामाला लागतो, एकांत झाला की पळतो.”

मी हसलो नाही. तूप्रानजवळ पंप ८२ वर आला. रामायमपेटला इडली-वडा आणि चहा घेतला, दोघांचे एकशे साठ. इडली मऊ होती, चटणी गार. बाबा गाडीतच बसून जेवले, कारण उभ्या गाडीत ऊब होती. मला तिथून हलूच नये असं वाटत होतं. कामारेड्डीला पंप ८०.

तिथेच मी जब्बारभाईंना फोन लावला. “हीटर चालत नाही. साडेसातशे कशाचे लावले तुम्ही?”

“मेरे सामने तो तंदूर के जैसा था भाई. रोड पे भगा के देखे क्या?”

“ते तुम्ही बघायचं होतं. माझे वडील आहेत गाडीत. आता ते अडीचशे विसरा.” फोन ठेवला. आवाज चढला होता.

“त्याला कशाला ओरडतो?” बाबा म्हणाले. “थंडी त्यानं पाडली का?”

आर्मूरच्या पुढे धुकं लागलं. समोरची काच आतून धूसर व्हायला लागली. एसी लावला की काच साफ होते, पण हवा गार. खिडकी बोटभर उघडली तरी वारा थेट बाबांच्या मफलरवर. काही तरी एक निवडायचं होतं, रस्ता दिसणं किंवा त्यांचा श्वास. मी हाताने काच पुसत चाळीसच्या वेगाने चालवत राहिलो. पंप ७८. त्यांची छाती शिट्टीसारखी वाजायला लागली होती आणि माझं लक्ष आलटून पालटून रस्त्याकडे आणि त्या आवाजाकडे. निर्मलच्या पुढे घाटात चढ लागला, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढली, आणि हवा गरम झाली. वर सपाटी आली, पुन्हा गार. मला रडू आल्यासारखं झालं. वहीत नोंदी भरत होत्या, अर्थ लागत नव्हता.

घाटानंतरच्या एका ढाब्यावर थांबलो. बाबा उतरून गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभे राहिले. एकामागून एक चार फवारे. ७४. बोलता येत नव्हतं. मी त्यांची पाठ चोळत होतो आणि मनात एकच हिशोब, मागे दोनशे किलोमीटर, पुढे शंभर.

शेजारी नागपूरकडचा एक ट्रकवाला दात घासत होता. “काय झालं गा म्हाताऱ्याले?”

मी दमा सांगितला, हीटर सांगितला, वही दाखवली. त्याने वही वाचली नाही. चूळ भरून विचारलं, “इंजिनाची सुई कुठं राह्यते तुयी?”

“एकदम खाली,” मी म्हणालो. “कित्येक महिने खालीच असते. इंजिन छान थंड आहे.”

“थंड इंजिन काय छान असते बावा? त्या इंजिनाच्याच गरमीवर चालते न तुया हीटर. गाडी पयाले लागली का समोरून वारा लागून राह्यला, इंजिन गार पडून राह्यलं. उभं राह्यलं का गरम. तुयी वही तेच सांगून राह्यली.”

मी वहीकडे पाहिलं. उभी, गरम. चढ, गरम. ऐंशी, गार. खरंच, तेच लिहिलेलं होतं.

त्याने ढाब्यामागून अंड्यांच्या खोक्याचा एक पुठ्ठा आणला, बॉनेट उघडून रेडिएटरच्या पुढे उभा सरकवला, अर्धा भाग झाकला. “सुई मध्याच्या वर गेली का काढून टाकजो. नाई तर इंजिन जाईन.” चहाचे पैसेसुद्धा त्याने देऊ दिले नाहीत. (हे कुणी केलं तर सुईवरची नजर काढू नका. मी तर तशीही काढत नाही.)

दहा किलोमीटरवर हवा कोमट झाली, वीसवर गरम. गुडीहत्नूरला बाबांनी मफलर सोडला आणि मान टाकून झोपले. आदिलाबाद ओलांडेपर्यंत मी त्यांचा श्वास मोजत होतो.

आत्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. पाहिल्याबरोबर म्हणाली, “आलास? एवढ्या थंडीत? दम लागला असेल.”

“कुठला दम अक्का? विनूच्या गाडीत हीटर आहे. घरात बसल्यासारखं आलो.”

मी पाण्याचे कॅन आत ठेवायचं निमित्त करून तिथून उठलो. नंतर आत पाहिलं तर तिचा हात त्यांच्या डोक्यावर होता. जेवायला ज्वारीची भाकरी, वांगं आणि लसणाची चटणी होती. रात्री बाबा दोन गोधड्या घेऊन तिच्याच खोलीत झोपले.

रविवारी सकाळी आदिलाबादला सायन्ना नावाच्या मेकॅनिककडे गेलो. बाबा ऊन होतं म्हणून सोबत आले. सायन्नाने पुठ्ठा पाहिला, हसला, आणि इंजिनाला पाण्याची जाड नळी जिथे जोडलेली असते तिथलं झाकण खोललं. आत बोट घालून फिरवलं. “खाली है. यहाँ थर्मोस्टॅट होना. कौन निकाला?”

“काय असतं ते?”

त्याने बोटांनी गोल दाखवला. पितळी, मधे स्प्रिंग. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप.

मी डिकीतून डबा आणला. तिसरीच पुडी. चिठ्ठीवर माझं अक्षर होतं: ‘मे महिना. जब्बारभाई. पितळी गोल झडप. कशाची ते विचारणे.’ विचारायचं राहिलं होतं.

मग सगळं आठवलं. मे महिन्यात हैदराबादेतल्या कोटी भागातल्या गर्दीत एकदा सुई मध्याच्या जरा वर गेली होती. मी चार दिवस रोज जब्बारभाईंकडे गेलो. ते रोज म्हणाले, काही झालेलं नाही, गर्मी आहे. चौथ्या दिवशी मी म्हणालो, काहीही करा, सुई वर येता कामा नये. त्यांनी हे काढून माझ्या हातात दिलं. “लो, अब कभी नहीं चढती.” सायन्ना म्हणाला, उन्हाळ्यात पुष्कळ लोक असंच काढून घेतात, आणि गरम शहरात वर्षभर कुणाला कळत नाही.

ती झडप अजून चांगली आहे का ते बघायला त्याने शेजारच्या टपरीवरच्या उकळत्या चहाच्या पातेल्यात ती तारेने बांधून सोडली. टपरीवाला ओरडला, “अरे, गिऱ्हाइकांचा चहा आहे!” बाबा खुर्ची ओढून पुढे वाकले. मिनिटभरात मधली चकती हळूच उचलली गेली. बाहेर काढली, गार झाली, मिटली.

“म्हणजे काल येतानाही हे डिकीतच होतं?” बाबांनी विचारलं.

“हो. मीच काढायला लावलं होतं.”

बाबा हसले. हसताना त्यांना खोकला येतो म्हणून मी पंप पुढे केला. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

सायन्नाने झडप जागेवर बसवून पुठ्ठा काढला, आणि सोमवारी परत निघालो. सुई मध्यावर येऊन थांबली. तिथेच तिची जागा, हे सायन्नाने दोनदा सांगितलं होतं, तरी माझी नजर सुटेना. आर्मूरजवळ बाबा म्हणाले, “तू रस्त्याकडे बघ. सुई मी बघतो.” आणि मेडचलपर्यंत त्यांनी खरंच बघितली. हवा ऐंशीच्या वेगातही गरम होती. फार दमलो होतो, पण ते दमणं निराळं होतं.

मंगळवारी जब्बारभाईंकडे गेलो. आधी माफी मागितली, मग अडीचशे पुढे केले. त्यांनी हात पुसले, पैसे घेतले नाहीत. “रखो मियाँ. गर्मी में फिर आते ना तुम, निकालो बोलके.”

मी नाही म्हणालो. पण एप्रिलमध्ये सुई चढली की मला भीती वाटणार, हे मलाही माहीत आहे. म्हणून पुडीतली चिठ्ठी फाडली नाही. तिच्याखाली ओळ लिहून ती स्टिअरिंगसमोर, सुईजवळ चिकटवली: ‘ही झडप बाबांच्या श्वासाची.’

खर्च: पेट्रोल ४,३१०. टोल, जाऊन-येऊन, ८७०. खाणंपिणं ६४०. सायन्ना ४५०. बिघडवलेल्या पातेलंभर चहाचे ६०. एकूण ६,३३०.
देणं: जब्बारभाईंचे २५०, ते घेत नाहीत.
पंप: निघताना ८४, आत्याच्या दारात ७४, परत नल्लकुंट्यात ७४.