कुणाला विचारायला लागू नये

लातूरच्या घरात बसून मी एका कोड एडिटरचं काम करतो. कोड एडिटर म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर. त्याला छोट्या स्क्रिप्ट लिहून राबवता येतं: सगळ्या फायलींतला अमुक शब्द बदल, रिकाम्या ओळी काढून टाक, असलं. ही सोय आम्ही केली खरी, पण ती वापरायची कशी, याबद्दल कुठे चार ओळी लिहिल्या नव्हत्या. मी सगळ्यांत जुना, म्हणून ज्याचं अडेल तो मला विचारायचा. मी आधी खेकसायचो आणि मग सांगायचो.

विचारणाऱ्यांत नांदेडचा एक दुकानदार होता. साप्ताहिकांचे जुन्या फॉन्टातले अंक युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतील असे, करून द्यायचा त्याचा धंदा. मदतीच्या फोरमवरचं त्याचं इंग्रजी वाचून मला घाम फुटला, म्हणून सरळ फोन नंबर दिला.

"सर, वेलांटी एकीकडं अन् अक्षर दुसरीकडं जाऊन राहिलंय," असा त्याचा पहिला फोन.

उत्तर पाच मिनिटांचं असायचं, फोन मात्र तासभर चालायचा. लाईट गेली, मेव्हण्याची सोयरीक भोकरला जमली, माहूरच्या घाटात लेकीला उलट्या झाल्या, हे सगळं मला ठाऊक. "तुमच्याकडं काय विशेष, सर?" असं तो विचारायचा. "काही नाही," मी म्हणायचो. मधे माझी आई गेली, तेही मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं तर तो बिचकेल आणि फोन करायचा थांबेल, अशी मला भीती वाटली. आईनंतर घरात माझ्याखेरीज आवाज काढतो तो फक्त कुकर. निलंग्याची बहीण रविवारी फोन करून जेवलास का विचारते. बाकीचा आठवडा मी नांदेडच्या फोनवर काढत होतो.

मग कंपनीनं सांगितलं, डॉक्युमेंटेशन लिहा. म्हणजे स्क्रिप्टमध्ये वापरायची जी तयार फंक्शनं, त्यांतल्या प्रत्येकाला काय द्यायचं, ते परत काय देतं, कुठे फसतं, आणि सोबत एक उदाहरण. चांगल्या डॉक्युमेंटेशनची खूण एकच, ते वाचल्यावर कुणाला काही विचारायला लागू नये. आपण काय करायला बसलोय ते मला तेव्हाच कळलं होतं. बरेच दिवस मी चालढकल केली.

पण अर्धवट काम मला करवत नाही, हा माझा जुना आजार. लिहायला घेतलं आणि नांदेडकराचे सगळे प्रश्न आठवत गेले. वेलांटीचं उदाहरण तर मी अथपासून इतिपर्यंत चालवून दाखवलं. ते लिहिताना वाटलं, एवढं एक गाळावं, तो फोन करील. गाळलं नाही. नंतर माझाच मला राग आला.

पानं साइटवर चढली आणि त्याच आठवड्यात त्याचा फोन आला.

"लई भारी लिहिलंय, सर. सगळं ध्यानात आलं. आता तुम्हाला तकलीफ द्यायचं काम न्हाई."

"बरं झालं," मी म्हणालो. बिचारा मनापासून खूश होता.

त्यानंतर फोन नाही. आधी वाटलं, कामात असेल. मग वाटलं, एखादं फंक्शन तरी त्याला कळलं नसेल. मी माझीच पानं उघडून चुका शोधत बसलो. एकही सापडली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला चांगल्या कामाचं वाईट वाटलं.

शेवटी एका दुपारी मीच फोन लावला. पलीकडे दुकानात गिऱ्हाइकांचा गलका होता.

"बोला सर! काय काम काढलं?"

काम काहीच नव्हतं. नुसतं बोलायचं होतं, पण तसं म्हणायची मला सवय नाही.

"चुकून लागला," मी म्हणालो.

"असू द्या सर, होतं तसं," म्हणत त्यानं घाईघाईनं फोन ठेवला.