रूथबाईंनी केलेलं भाषांतर

साताऱ्याहून परत येताना कापूरहोळच्या फाट्यावर चहाला उतरलो होतो, तेव्हा सलीमभाईंचा फोन आला. "मास्तर, बाई गेल्या," ते म्हणाले. सकाळी, भोरच्या घरी, खुर्चीत बसल्या बसल्या. मी घरची वाट सोडली आणि भोरच्या एसटीत चढलो. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. रूथबाई साळवे यांच्याविषयी भोरमध्ये पुष्कळ चांगलं बोललं गेलं. पण आमच्या अंगणात एका दुपारी त्यांनी जे केलं, ते कुणी सांगितलं नाही. त्या वेळी मी तिथं होतो, म्हणून लिहितो.

गुंजवण्याच्या खोऱ्यात आमचं गाव. मी तालुक्यातल्याच एका शाळेत मास्तर. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, अंगावरून वारं गेलं आणि औत हाकणारा माणूस खाटेला खिळला. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा वाटलं होतं, आता वेळेवर खाऊपिऊ घातलं की झालं. पण पडून पडून त्यांच्या कमरेखाली जखम झाली, ती आत आत जात राहिली, आणि माझी बायको तारा ती धुताना रडायची. भोरच्या चर्चची जीप अंथरुणाला खिळलेल्या माणसांना बघायला खेड्यांतून फिरते, असं कुणीतरी सांगितलं. मी फोन केला. गुरुवारी जीप आली. चालवायला सलीमभाई, आणि मागच्या दारातून उतरल्या त्या रूथबाई, निवृत्त नर्स, साठी ओलांडलेल्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला.

अण्णांची जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं. त्यांनी आल्या आल्याच विचारलं, "बाई, मला बाटवायला आलाय का तुमी?"

बाई हातमोजे चढवत होत्या, त्या थांबल्या. "जखम धुवायला आलेय, अण्णा. पण खोटं नाही सांगत. मी हे काम करते ते माझ्या येशूसाठी. तुम्हाला चालत नसेल तर आत्ता सांगा. मी ताराला सगळं शिकवते आणि जाते."

अण्णांनी चांगल्या हातानं खाटेची कड धरली. मग म्हणाले, "धुवा. दुखतंय लई."

त्यानंतर दर गुरुवारी जीप यायची. अण्णांच्या खाटेसमोर भिंतीत देव्हारा आहे. त्यातल्या खंडोबाच्या टाकाकडं बघत अण्णा दात आवळून पडायचे आणि बाई पाठीमागं बसून काम करायच्या. दोघांचे दोन देव एका खोलीत नांदत होते म्हणा ना. हळूहळू जखम भरू लागली. ती भरत होती तसं गावातलं बोलणं मात्र वाढत गेलं. माझा चुलतभाऊ संदीप सगळ्यांत पुढं. "आज मलमपट्टी, उद्या गळ्यात क्रॉस," असं तो पारावर उघड म्हणायचा. संदीप वाईट माणूस नव्हे. अण्णा कोसळले त्या दिवशी त्यांना पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत पळाला होता तोच. पण मोबाईलवर तो काय काय बघायचा, आणि जीपवर रंगवलेलं चर्चचं नाव बघितलं की त्याच्या कपाळाची शीर उठायची.

बाई चहाला टेकल्या की कधीकधी आफ्रिकेबद्दल बोलायच्या. ऐन उमेदीत भोरच्या मंडळीनं, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांनी, त्यांना तिकडच्या एका मिशन दवाखान्यात पाठवलं होतं. लोकांनी महिनोन्महिने मूठमूठ तांदूळ बाजूला काढून, विकून तो खर्च केला होता. तिथं एका आईला त्या सहज म्हणाल्या, बाळाच्या गळ्यातला तो दोरा टाकून दे, घाण आहे. ती बाई उठली, बाळाला घेऊन गेली आणि परत आली नाही. "तिथं मी परकी होते," बाई म्हणायच्या, "आणि तिच्या आजीनं बांधलेला दोरा होता तो... पुढं त्या बाळाचं काय झालं, मला कळलंच नाही." एवढं सांगून त्या कप उचलून मोरीत ठेवायला जायच्या.

त्या हिवाळ्यात परदेशातल्या एका चर्चचे पाहुणे भोरला आले. त्यांच्या मदतीवर जीप चालायची आणि नव्या गाडीचंही बोलणं चाललं होतं. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, नवीन होते, तरुण होते. पाहुण्यांना काम दाखवावं असं त्यांना वाटलं. बाईंनी अण्णांना आधी विचारलं. "येऊ दे की. पाव्हणंच हायेत," अण्णा म्हणाले. फोटो नाहीत, भाषण नाही, असं बाईंनी पाहुण्यांना जीपमध्येच बजावलं होतं, हे सलीमभाईंनी मला नंतर सांगितलं.

गोरी माणसं आली म्हटल्यावर अंगण भरलं. पाहुण्यांत एक उंच म्हातारे गृहस्थ होते. बाईंनी अण्णांना कुशीवर वळवून भरत आलेली जखम दाखवली तसे ते ढसाढसा रडले. कुणाला वाटलं नव्हतं ते बोलतील. पण डोळे पुसत ते ओसरीवर आले आणि मोठ्या आवाजात इंग्रजीत बोलू लागले. पहिल्याच वाक्याला मी अण्णांच्या खोलीकडं बघितलं. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. म्हातारबाबा थांबले आणि मराठीत सांगा म्हणून रूथबाईंकडं वळले.

कुणाची तरी शेळी तेवढी ओरडत होती. पाळकसाहेब बाईंच्या कानाशी पुटपुटले, "बाई, जरा सौम्य करून सांगा." मी शेजारीच होतो, मला ऐकू आलं. मलाही मनातून तेच हवं होतं. 'देव तुमचं भलं करो' म्हणून मोकळं व्हावं, नारळ द्यावा, गाडी सुखरूप लावून द्यावी.

संदीपनं मोबाईल वर धरला. "काय बोलला त्यो? हाय तसं सांगा, बाई. रेकॉर्ड होतंय."

बाईंनी ओठांवरून जीभ फिरवली. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "पाहुणे म्हणाले, या घरात आजवर अंधार होता. दगडधोंड्यांची पूजा करून हा माणूस कधी बरा झाला नसता. आम्ही या खोऱ्यात उजेड घेऊन आलो आहोत." त्या थांबल्या. "हे त्यांचं बोलणं झालं. आता माझं ऐका. हे बोलायला नको होतं. या दारात यांना मी आणलं, म्हणून याची जबाबदारी माझी. अण्णा, मी तुमची माफी मागते." आणि तिथंच वळून त्यांनी म्हाताऱ्यांना इंग्रजीत तेच सांगितलं, तितक्याच सावकाश. तुम्ही ज्याच्या घरात उभे आहात त्याच्या देवाला तुम्ही धोंडा म्हणालात, असं. त्या गृहस्थांचा चेहरा लालबुंद झाला.

पुढच्या गोष्टी फार वेगानं घडल्या. पोरांनी जीपला गराडा घातला, संदीपनं चावी काढून घेतली, कुणीतरी काचेवर काठी मारली. पाहुणे आत दाटीवाटीनं बसलेले. सलीमभाई दाराला पाठ लावून उभे राहिले आणि हात जोडून "बाबांनो, बाबांनो" एवढंच म्हणत राहिले. आतून अण्णा ओरडत होते, पण त्यांचे शब्द कुणाला लागत नव्हते. रूथबाई जीपमध्ये बसल्या नाहीत. त्या संदीपसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्यावर राग काढ," म्हणाल्या. "मी इथंच आहे. त्यांना जाऊ दे." संदीपनं चावी मुठीत आवळली. शेवटी पोलीसपाटील आले, त्यांनी चावी घेतली आणि पाहुण्यांना लावून दिलं. अट एकच : ही बाई पुन्हा गावात दिसता कामा नये.

बाईंना दोन्हीकडून मार बसला. पाहुण्यांच्या चर्चनं संबंध तोडले, नवी गाडी आली नाही, जुनीही विकावी लागली. मंडळीच्या बैठकीत म्हणे त्यांना विचारलं गेलं, चार शब्द बदलले असते तर काय बिघडलं असतं? मीही फोनवर तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "मास्तर, त्या दिवशी खोटं बोलले असते, तर आधीचं माझं कोणतं बोलणं अण्णांनी खरं धरलं असतं?" आणि थोड्या वेळानं, "तो म्हातारा वाईट नव्हता हो. त्याचं रडणं खरं होतं. बोलणंही खरंच होतं त्याच्या दृष्टीनं... तीच तर पंचाईत."

पावसाळ्यात अण्णांची जखम पुन्हा चिघळली. ताप चढू लागला. तारा फोन कानाला लावून बाईंना विचारत विचारत पट्टी करायची, पण फोनवरून जखम दिसत नाही. एके सकाळी अण्णा म्हणाले, "मला ग्रामसभेला न्या." आम्ही खुर्चीला बांबू बांधले. तिकडं जाऊन ते बोलले ते अडखळत, लाळ पुसत, पण सगळ्यांना समजलं. "माझ्या देवाला शिवी बसली. कुनी दिली, ते मला त्या बाईनं सांगितलं. लपवलं न्हाई. माझ्या घरात कोन येनार, ते मी ठरवनार." बराच गोंधळ झाला. संदीप उठून निघून गेला. सरपंच शेवटी म्हणाले, येऊ द्या, पण गाडीवर चर्चचं नाव नको.

गाडी होतीच कुठं! बाई एसटीनं आल्या. भोरहून कापूरहोळ, मग नसरापूर, वेल्ह्याच्या गाडीनं मार्गासनी, पुढं मिळेल ते वाहन. मार्गासनीच्या थांब्यावर त्यांना घ्यायला मी गेलो, तर संदीप मोटारसायकल घेऊन आधीच उभा. त्यानं गाडीला किक मारली. बाईंनी पदर कमरेला खोचला. पिशवी मांडीवर घेऊन मागं बसल्या. त्यानंतर अण्णा दोन वर्षं जगले, आणि जखमेनं गेले नाहीत.

भोरला बाईंच्या अंत्यविधीला आमच्या गावातून टेम्पो भरून माणसं आली. टेम्पो संदीपनं चालवला. चर्चमध्ये मात्र तो आला नाही. पाळकसाहेबांनी स्वतः येऊन बोलावलं, तर म्हणाला, "न्हाई, हितंच बरा हाय." आत गाणी सुरू होती तोवर तो फाटकाशी उन्हात उभा होता. शवपेटी बाहेर आल्यावर त्यानं पुढं होऊन एक कोपरा खांद्यावर घेतला.

बाईंचं काम आता तारा आणि गावातली आणखी एक बाई करतात, आजूबाजूच्या चार वाड्यांत. परवा मी तारासोबत वरच्या वाडीत गेलो होतो. तिथं एक म्हातारी पडून असते. दार सताड उघडं होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी पायरी चढणार, तेवढ्यात तारानं माझा हात धरला. रूथबाईंनी तिला तसंच शिकवलं होतं. ती बाहेरूनच म्हणाली, "आजी, येऊ का आत?"

आतून काही उत्तर आलं नाही. तारा पिशवी घेऊन पायरीखाली थांबून राहिली. मीही थांबलो. बऱ्याच वेळानं म्हातारीचा आवाज आला, "ये."

मग आम्ही आत गेलो.