आईचा मागच्या वर्षीचा आवाज

खिडकी, पाऊस, वाफाळता चहा असं काहीतरी येईल म्हणून टेकून बसला असाल, तर उठा. इथे फक्त मिठाची बरणी आहे आणि तिच्याशेजारी मेथी निवडता निवडता भरदुपारी बसल्या जागी झोपलेली माझी आई.

डॉक्टर म्हणाले, थायरॉईड. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सैंधव खाता ना, त्यात आयोडीन कमी, म्हणून." मामा मोबाईल बघून म्हणाला, "ताई, तुझ्या ॲड्रिनल ग्रंथी दमल्यात." आईने सगळ्यांचं ऐकलं. मीठ बदललं, गोळी सुरू केली. थकवा तसाच, आणि आवाज भिजलेल्या पोत्यासारखा जड.

मी अख्ख्या गल्लीच्या नकला करतो. मेथी निवडायला बसलेल्या काकू हळूच म्हणाल्या, "आईची कर की."

मी केली. "अरे मेल्या, ऊठ! ऊन डोक्यावर आलं!"

"छे! ही कुठली रे तुझी आई?"

तेव्हा कळलं, मी मागच्या वर्षीची आई करत होतो. तो खणखणीत आवाज आता फक्त माझ्याच गळ्यात उरलाय.

आईला जाग आली होती. एकेक शब्द ओढत ती खरखरली, "मेल्या, माझा आवाज घेऊन गावभर मिरवतोस? आधी ठेव तो जागेवर."